दोन बोटं

ऐरोलीच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
डेझी मॅडमनी आम्हाला तीन दिवस नम्रता शिकवली.
ओहायोच्या माणसाला ‘तुमचं चुकलंय’ म्हणायचं नाही.
म्हणायचं, मेबी इट्स जस्ट मी.
म्हणायचं, फॉर व्हॉट इट्स वर्थ.
म्हणायचं, हे आपले माझे टू सेंट्स,
आणि मग हळूच सांगायचं
की बिलात सगळ्यांचा टॅक्स दोनदा लागतोय.

मी तसंच सांगितलं.
ओहायोचा माणूस म्हणाला, सो स्वीट ऑफ यू.
टॅक्स आणखी महिनाभर दोनदा लागत राहिला.

चिमूटभर मिठासकट घ्या, असंही एक होतं.
आमच्यात मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं.
मॅडमना सांगणार होते,
पण त्याआधी काय म्हणायचं ते आठवेना.

टू सेंट्स म्हणजे किती, बाबांनी विचारलं.
मी म्हटलं, दोन पैसे धरा.
ते उठले, ट्रंकेतली डबी उघडून
कातर कडेचं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.
फुंकर मारली तर उडेल असं.
‘एवढ्याशा वजनाचं बोलायला
तीन दिवसांचं ट्रेनिंग?’

बाबा म्हणजे महिपती मापाडी,
वाशीच्या मार्केटात एकतीस वर्षं काट्यापाशी.
कांद्याची गोणी किती भरली ते खणखणीत सांगायचे,
घरात मात्र कुणी विचारल्याशिवाय चकार शब्द नाही.
सल्ल्याला बाकीचे होते.
कोपरखैरण्याच्या आमच्या गल्लीत
शेलारकाकू दारातूनच सुरू करायच्या,
‘मला काय करायचंय म्हणा, पण’
आणि त्या पण-च्या पलीकडे
माझं लग्न, माझं वजन, माझे केस.
आत्या बासष्टाव्या वर्षीही म्हणते, लहान तोंडी मोठा घास.
यांना कुठल्या डेझी मॅडमनी शिकवलं?

लहानपणी एकदा बाबांबरोबर फळबाजारात गेले होते.
दोन माणसं समोरासमोर, मधे टॉवेल,
टॉवेलाखाली हात, चेहरे मख्ख.
पेटीचा भाव बोटांवर ठरत होता.
मला वाटलं, दोस्त असतील,
लाजून हात धरलेत.

गेल्या मार्गशीर्षात उलव्याला फ्लॅट बघायला गेलो.
हितेन नावाचा मुलगा, टाय लावलेला,
काचेच्या टेबलावर काचेच्या खोक्यातली इमारत.
बाबांच्या खांद्यावरचा टॉवेल
कधी घसरून आमच्या दोघांच्या मांडीवर आला, कळलं नाही.
त्याच्याखाली त्यांनी माझी दोन बोटं दाबली.
घट्ट. मग सोडली.

मी मापाड्याची पोर.
‘दोन कमी करा,’ म्हटलं.
मेबी नाही, सॉरी नाही, जस्ट बिस्ट काही नाही.
हितेन आत जाऊन फोन करून आला,
सव्वा लाख उतरले.
मी सही केली. अकरावा मजला, पूर्वेची खिडकी.

परतीच्या बसमध्ये मी फुशारकीत विचारलं,
‘बाबा, दोन लाखच ना?’
त्यांनी टॉवेलाची चौपदरी घडी केली,
मोडली, पुन्हा केली.
‘ते बरंच झालं गं. सव्वा काय थोडे झाले?
मी आपलं म्हणत होतो,
दुसरा मजला मिळाला तर बघ.
म्हणजे मी नाही, गुडघे म्हणत होते.
जाऊ दे. लिफ्ट असते तुमच्यात.’

तुमच्यात.

मी मनातल्या मनात सगळी वही चाळली.
नेरूळला माणसं चढली,
बाबा जागा द्यायला माझ्याकडे सरकले.
मी त्यांचा हात धरला, उघड्यावर,
सगळीच्या सगळी बोटं.
ते खिडकीबाहेरच बघत राहिले.
मग हळूच म्हणाले,
‘किती?’